'ॲडव्हेंचर टूरर'ला मराठीत काय म्हणायचं?

धुरेकरी: गावच्या गॅरेजमधल्या पोरांसाठी मोटरसायकल दुरुस्तीची मराठी पुस्तिका तयार होतेय. 'ड्युअल स्पोर्ट' आणि 'ॲडव्हेंचर टूरर' इथे अडलंय. 'द्विउद्देशीय साहसी पर्यटन दुचाकी' असं सुचवलं गेलं, ते दुसऱ्याने खोडलं. दोन्हींना एकच शब्द नको. पहिली हलकी, मातीकडे झुकलेली; दुसरी जड, मोठ्या टाकीची, सामान लादून लांब जाणारी.

शुद्धलेखी: 'उभयमार्गी' घ्या. छोटा आहे, अर्थ नेमका आहे.

तिरपी रेघ: 'साहस' तर काढाच, ते विक्रेत्यांनी नंतर चिकटवलं. बीएमडब्ल्यूने 1980 साली आर 80 जी/एस आणली. जी म्हणजे गेलेंडे, रस्ता सोडून असलेलं रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, चेनऐवजी शाफ्ट. 1981 ची पॅरिस-डकार शर्यत ह्युबर्ट ओरिओलने बीएमडब्ल्यूवर जिंकली आणि अशा जड गाडीकडे लोक वळले. होंडाची आफ्रिका ट्विन 1988 ची. हलक्या घराण्याचं मूळ त्याआधीचं: यामाहा डीटी-1, 1968, 250 सीसी टू-स्ट्रोक. म्हणून जी/एसच्या नावावरून जड गाडीला 'रानरस्ता' म्हणा.

वऱ्हाडी पाना: उभयमार्गी कोन म्हन्ते? गिऱ्हाईक इचारते, 'पांदणीत चालते का?' 'पांदणगाडी' लिहा, पोराले लगेच समजते.

शुद्धलेखी: शब्द 'पाणंद' आहे. सरकारी योजनेच्या नावातही 'शेत/पाणंद रस्ते' असंच आहे. पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं, त्यावरूनच तो आला.

वऱ्हाडी पाना: पान्यावरून आला याले पुरावा काय? कागदावर पाणंद असन, पन वावरात जायाची वाट पांदणच.

तिरपी रेघ: दोन्ही शब्द एकाच वाटेचे. माझी हरकत वेगळी आहे. 196 किलोची रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 भर पावसात काळ्या मातीच्या पांदणीत घालायची गाडी नाही. नावाने खोटा भरवसा मिळेल.

स्पोक: वजनाइतकंच पुढचं मडगार्ड नडतं. काळी माती भिजली की फुगते, टायरवर थरावर थर चढतो. मडगार्ड टायरलगत असेल तर मधली फट भरते आणि चाक जाम होतं. 2016 च्या हिमालयनला वर चोचीसारखं उंच मडगार्ड आहे, पण खाली टायरलगत दुसरं मडगार्डही आहे. चिखलाच्या दिवसांत खालचं काढा. मात्र ब्रेकचा पाइप मोकळा राहत असेल तर फोर्कला टाय मारून बांधा, नाहीतर टायरला घासतो. ऑइल कूलरवर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या जाळीवर, चिखल उडतो. वाळू देऊ नका, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशरची धार मारली तर पत्र्या वाकतात.

धुरेकरी: हे पुस्तिकेत घेतोच. चिखलात टायरची हवा किती कमी करायची?

स्पोक: रस्त्यावर 28 पीएसआय असेल तर चिखलात 20-22 पर्यंत. ट्यूब असलेल्या टायरात त्याखाली नको: टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा, सरकायला लागलाय. आणि काळ्या मातीत फक्त हवा सोडून भागत नाही. नक्षीच्या खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो, म्हणून खाचा रुंद हव्यात.

शुद्धलेखी: 'नक्षी' नको, 'खाचरेषा' म्हणा.

वऱ्हाडी पाना: गुट्टी म्हन्तेत तिले. टायरच्या दुकानात खाचरेषा मांगून पाहा.