इनडिस्पोज्ड : आजारी की नाखूष?

> एका जुन्या इंग्रजी कादंबरीत 'शी वॉज इनडिस्पोज्ड' वाचलं, आजारी असेल म्हणून पुढे गेले. दोन पानांनी 'ही वॉज इनडिस्पोज्ड टु आर्ग्यू' आलं. म्हणजे बरं नव्हतं म्हणून वाद घातला नाही, असं का?

नाही नाही, दुसऱ्या वाक्यात आजारपण अजिबात नाहीये. इनडिस्पोज्ड एकटा आला की 'जरा बरं नाही', आणि पुढे टु लागून क्रियापद आलं की 'मन नाही, तयारी नाही'. एवढं धरून ठेवलंत तर शंभरातल्या नव्वद ठिकाणी अडणार नाही.

पण एकाच शब्दात दोन्ही कसं काय हे बघण्यासारखं आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मांडून ठेवणं, नीट लावणं. त्यावरून डिस्पोझिशन म्हणजे माणसाची घडण, स्वभाव. ती मांडणी जागेवर नसली की माणूस इनडिस्पोज्ड, मग बिघाड शरीराचा असो की मनाच्या तयारीचा. आणि आपल्याकडे 'प्रकृती' बघा ना, तापट प्रकृतीचा माणूस म्हणतो तेव्हा स्वभाव, आणि 'प्रकृती कशी आहे' विचारतो तेव्हा तब्येत. म्हणजे हे काही फक्त इंग्रजांचं खूळ नाही. म्हणूनच 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' हा मला इनडिस्पोज्डचा सगळ्यात जवळचा मराठी प्रतिशब्द वाटतो, तोच कडक इस्त्रीचा सूर. नेते बैठकीला आले नाहीत की बातमीत हेच येतं आणि वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं (हल्ली त्याच्याही आधी 'नॉट रीचेबल' होतात ते वेगळं).

शब्द किरकोळ दुखण्यापुरताच आहे हेही लक्षात ठेवा. आयसीयूत असलेल्या माणसाला इनडिस्पोज्ड म्हणत नाहीत, तो क्रिटिकली इल, आपला 'अत्यवस्थ'. ऑपेरात प्रयोगाच्या आधी पडद्यापुढे एकजण येऊन सांगतो की अमुक गायिका इनडिस्पोज्ड आहेत, तरी गायला तयार झाल्यात, सांभाळून घ्या. म्हणजे घसा बसलाय, बाकी ठणठणीत. आपल्या कोर्टातही वकील इनडिस्पोज्ड म्हणून पुढची तारीख मागतात, तिथे मात्र दोन्हीपैकी कुठला अर्थ घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

सिक आणि इल एकच का, असंही कुणी विचारेल. आपल्या इंग्रजीत जवळपास एकच, पण इंग्लंडमध्ये 'आय वॉज सिक इन द कार' म्हणालात तर समोरचा समजेल गाडीत उलटी झाली. सिक हा त्यांचा जुना घरचा शब्द, इल उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'वाईट', म्हणून इल-गॉटन, इल-ट्रीट यात आजाराचा पत्ताच नाही. आणखी एक, 'सिक चाइल्ड' चालतं पण नुसतं 'इल चाइल्ड' कानाला खटकतं, नामाच्या आधी सिकच लावा. नॉशिया, म्हणजे मळमळ, हा शब्द तर थेट बोटीवरून आलाय, ग्रीकमध्ये नाउस म्हणजे जहाज, आणि तो आपल्या नौ, नौका, नाविकचा सख्खा नातेवाईक. रेवस ते भाऊचा धक्का लाँचने पावसाळ्याच्या तोंडावर कधी आला असाल तर व्युत्पत्ती वेगळी समजवायला नको.

नाखुशीच्या बाजूला रिलक्टंट आणि अनविलिंग यात लोक गल्लत करतात. अनविलिंग म्हणजे सरळ नाही. रिलक्टंट माणूस शेवटी करतो, पण जिवावर आल्यासारखा करतो, मूळ लॅटिन अर्थ उलटा झगडणं. आणि ॲडव्हर्स-अव्हर्स : औषधाचा वाईट परिणाम तो ॲडव्हर्स, मनाला नको वाटणं ते अव्हर्स, म्हणून म्युच्युअल फंडात पैसे घालायला घाबरणारे आमचे काका रिस्क-अव्हर्स.

सगळ्यात मजा जिथे आजार आणि नाखुशी एकमेकांत मिसळतात तिथे आहे. मॅलिंगर म्हणजे काम टाळायला आजाराचं सोंग करणं, हा शब्द सैन्यातला, अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत रुळला. अंगचोर म्हणावं तर तो जवळचा पण तोच नाही, अंगचोर माणूस कामावर येतो आणि अंग राखून काम करतो, मॅलिंगरर येतच नाही. ऑस्ट्रेलियात अशी मारलेली सुट्टी म्हणजे सिकी. आणि संपाला बंदी असलेल्या अमेरिकन पोलिसांनी एकदम आजारी पडायचं, गणवेश निळा म्हणून त्याला ब्लू फ्लू, डेट्रॉइटला १९६७ मध्ये झालं होतं. आपल्याकडची सामूहिक रजा तीच, फक्त आपण ताप आल्याचं नाटकसुद्धा करत नाही :)

> मग ऑफिसच्या मेलमध्ये इनडिस्पोज्ड लिहू का?

नका लिहू, सर्दी झालीये आणि राजवाड्यातून निवेदन आल्यासारखं वाटतं. 'नॉट फीलिंग वेल' पुरे. आणि शाळेपासून घोटलेलं 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर' पण आता सोडा.

माझा उलटा प्रश्न आहे. 'कणकण' ला इंग्रजीत काय म्हणाल? फीव्हरिश म्हटलं की ताप आलाच असं होतं, आणि कणकण तर थर्मामीटरवर दिसेलच असं नाही, अंग नुसतं कोमट लागतं, सांधे ठणकतात आणि पंखा नको वाटतो. अंडर द वेदर फारच मोघम. कुणाला सुचतंय का?