मदत हवी आहे : कोरेगावात घरी येऊन थेरपी देणारं कोणी? (तातडीने)

चाकोरीबाहेर : ताईच्या मुलासाठी विचारतोय. डॉक्टरांनी डिले सांगितलाय, म्हणजे वाढ वयाच्या मानाने मागे आहे. थेरपी सुरू होती, ती बंद पडलीये. तिला साताऱ्याला नेणं जमत नाही. घरी येणारं खात्रीचं कोणी असेल तर नंबर विपूत (माझ्या विचारपुशीत) टाका. 'होईल सगळं नीट' छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरात भरपूर मिळतात.

रानवारा : वय? डिले कशात, बोलण्यात की चालण्यात? कान तपासले का? एवढं तरी लिहा.

आजोळ६२ : माझा नातू साडेतीन वर्षांपर्यंत मुका होता. आता वर्गात बाई 'गप्प बस' म्हणून ओरडतात. वेखंड उगाळून चाटवा, पैसे वाचतील.

रानवारा : काका, वेखंड चाटवून ओकाऱ्यांनी बेजार झालेली बाळं दवाखान्यात येतात. असलं काही सुचवू नका.

आजोळ६२ : आमच्या पिढ्या त्यावरच वाढल्या.

चाकोरीबाहेर : सव्वादोन वर्षांचा. एकही शब्द नाही, हाक मारली तर बघत नाही. बेरा (ऐकण्याची तपासणी) झाली, कान चांगले आहेत. अंगणवाडीत आरबीएसकेची (मुलं तपासणारी सरकारी) गाडी आली होती, त्यांनीच सिव्हिलच्या डीईआयसीला, म्हणजे वाढीत मागे असलेल्या मुलांच्या केंद्रात पाठवलं. आता कोणी नंबर देईल का?

शिंपला : युडीआयडी (दिव्यांगाचं कार्ड) काढलं का? खाजगी शाळांतल्या आरटीईच्या राखीव २५ टक्क्यांत दिव्यांग मुलांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

रानवारा : अहो, सव्वादोनचं आहे ते!

शिंपला : माहिती असलेली बरी.

सायली_पी : ताईला नेणं का जमत नाही? एसटी मिळत नाही की आणखी काही?

चाकोरीबाहेर : दिवसभर पडून असते, रात्री टक्क जागी. त्याला भरवते, स्वतःचं ताट तसंच राहतं. थेरपिस्टने घरी करून घ्यायच्या गोष्टींचा तक्ता दिला होता, त्यावर महिन्याभराच्या सगळ्या टिका तिने एका बैठकीत मारून ठेवल्यात. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मोबाईल बघितला म्हणून झालं. पण विषय तिचा नाही, मुलाचा आहे.

सायली_पी : विषय तिचाही आहे. घरी येणारी बाई आठवड्यातून तासभर खेळवेल, बाकीचा आठवडा आईच. या वयात निम्मी थेरपी म्हणजे आईबापाला शिकवणं. जिला उठवत नाही ती काय शिकणार? माझ्या मुलाच्या फाईलमध्ये सगळं होतं, मला झोप लागते का हे कुणी विचारलं नव्हतं. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, एकाच फेरीत दोघांचं होईल. तोवर टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

कट्टाकर : एकदा गोळ्या लागल्या की जन्माच्या. योगासनं करा म्हणावं.

सायली_पी : मी दीड वर्ष घेतल्या, डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. उठता येत नाही तिला आसनं कसली सांगता?

रानवारा : थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. बाळ अजून अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यातही चालणाऱ्या गोळ्या आहेत. मेहुणे कुठे असतात?

चाकोरीबाहेर : पुण्यात कंपनीत. शनिवारी येतात.

रानवारा : मग शनिवार-रविवारचा तक्ता त्यांचा. आणि टिकासुद्धा.

कट्टाकर : पुण्याहून शनिवारी येणं सोपं नाही हो, खंबाटकीत दोन-दोन तास जातात.

सायली_पी : अवांतर पुरे. @चाकोरीबाहेर, मरणाचं काही बोलते का? सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात येत नाही.

चाकोरीबाहेर : आत्ता फोन केला. तसलं काही नाही म्हणाली. पण म्हणाली, 'मी नसते तर त्याला एखादी बरी आई मिळाली असती.' हे त्यात धरायचं का?

सायली_पी : धरायचं. तिला एकटी ठेवू नका. आत्ता १४४१६ लावा, ओपीडी उघडली की घेऊन जा. आणखी काही बोलली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत.

आजोळ६२ : माझा पुतण्या कोरेगावातच आहे, गाडी पाठवतो. विपूत पत्ता द्या.

चाकोरीबाहेर : पाठवलाय, काका. मीही निघतोय. घरी येणाऱ्याचा नंबर तरीही हवाच आहे.