"नाशिक म्हणजे मिनी पुणे" म्हणे! शिकायला येणाऱ्यांनो, जरा थांबा

द्वारकेचा सिग्नल

बारावीच्या पालकांच्या एका ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत होती. "नाशिक म्हणजे मिनी पुणे. हवा महाबळेश्वरची, खर्च निम्मा, माणसं साधी, पोरं बिघडायला जागाच नाही. डोळे मिटून अ‍ॅडमिशन घ्या." लिहिणारे गृहस्थ शनिवारी द्राक्षमळे बघून, रविवारी मिसळ खाऊन परत गेलेले दिसतात. मी इथे चोवीस वर्षं आहे. त्यातली पहिली चार कॉट बेसिसवर काढली. म्हणून राहवलं नाही, हा धागा काढला.

कॉलेजं नाशकात ढिगाने आहेत, पण नाशिक कॉलेजचं गाव नाही. हे गाव चालतं सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्टवर, द्राक्ष-कांद्याच्या पैशावर आणि गंगेवर (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) येणाऱ्या यात्रेकरूंवर. विद्यार्थी त्यानंतर. सरकारी विद्यापीठं म्हणाल तर दोन आहेत. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आपापल्या घरी बसून शिकतात आणि आरोग्य विद्यापीठाची कॉलेजं राज्यभर पसरलेली. ज्या आर्ट्स-सायन्स-कॉमर्ससाठी पोरं बॅग भरून येतात, ती बहुतेक कॉलेजं जोडलेली आहेत पुण्याला. म्हणजे मिनी पुणे नव्हे, पुण्याचं पोटभाडेकरू.

"कॉलेज नाशिकला आहे" असं कोणी म्हटलं की आधी विचारा, नाशकात कुठे? आडगाव की महिरावणी की म्हसरूळ? रेल्वे स्टेशन नाशिकरोडला, सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्टँडपासून, नऊ-दहा किलोमीटर. नवी पोरं नाव ऐकून कॉलेज रोडला खोली घेतात आणि मग रोज द्वारका हा कायम तुंबलेला चौक ओलांडून आडगावला जातात. माझा आयडी उगाच नाही.

हवेचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो तेवढी थंडी खरी. एप्रिलात चाळीसच्या वर जातं, तेव्हा महाबळेश्वर कुठल्या बाजूला आहे ते त्या गृहस्थांना विचारा.

शिवाय यंदा येणाऱ्यांच्या वाट्याला कुंभ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानं, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. तुमचं सेकंड इयर खणलेल्या रस्त्यांवरून सुरू होणार.

आणि हो, खोली शोधताना आडनाव विचारतील. मनाची तयारी ठेवा.

तिवंध्याचा

वा! चोवीस वर्षं इथलं पाणी प्यायलं आणि गावाला पोटभाडेकरू म्हणता. पुण्याशी तुलना आम्ही केली नव्हती, त्या पोस्टवाल्याने केली. राग त्याच्यावर काढा. सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, तुमची कॉलेजं काल-परवाची. पोरांना वाचायला जागा हवी तर तिथे जा म्हणावं. रंगपंचमीला शनी चौकात नाहीतर आमच्या तिवंध्यात रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, एकदा उडी मारा, अंगाला लागलेला रंग चार दिवस जात नाही. तेवढ्याने माणूस नाशिककर होतो. पण कॉलेज रोडच्या कॅफेत बसून "इथे काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांना रहाड म्हणजे काय हेच माहीत नसतं.

मिसळीवर मी मुद्दाम बोलत नाही. धागा हायजॅक होईल.

रुळावर यायचंय

मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. नाशिक-पुणे थेट रेल्वे! मुंबईला जायला पंचवटी एक्सप्रेस आहे, सकाळी नाशिकरोडहून सुटते, झकास. पुण्याला जायचं तर कल्याणला वळसा, नाहीतर मनमाड-दौंड. नाहीतर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत बसने पाच तास. घाटात ट्रक बंद पडला तर सहा. ज्या पोराचं विद्यापीठ पुण्यात त्याने काय करायचं? सर्व्हे झाला, मोजणी झाली, मार्ग बदलला, आमचे केस पांढरे झाले.

द्वारकेचा सिग्नल

@रुळावर, तुम्ही मिसळीच्या धाग्यावरही रेल्वेच काढली होती.

रुळावर यायचंय

काढणारच. रूळ पडेपर्यंत काढणार.

मोर्शीचा बाप

नमस्कार. मुलगी जुलैत आडगावकडच्या कॉलेजला येतेय. अमरावती जिल्ह्यातले आम्ही, नाशकात ओळखीचं कोणी नाही. खोली कुठे बघावी? मुलींसाठी रात्री कसं आहे? कृपया मार्गदर्शन करावे.

दोन खोल्या, स्वतंत्र जिना

मी गंगापूर रोडला सतरा वर्षं विद्यार्थ्यांना खोल्या देते. "आडनाव विचारतील" हे वाक्य जे हळूच शेवटी टाकलंय, ते मला लागलं. घर माझं, जिना माझा, टाकीतलं पाणी माझं. येणारा कोण आहे हे विचारायचंही नाही?

पोरं काय करतात तेही लिहा की. दोघांना खोली दिली तर परीक्षेच्या आदल्या रात्री गच्चीवर सहा जण झोपलेले. एकाने इंडक्शन, गीझर, इस्त्री सगळं एका प्लगवर लावलं, अख्ख्या वाड्याचा फ्यूज उडाला. एक जण मे महिन्यात "घरी जाऊन येतो काकू" म्हणाला तो तीन महिन्यांचं लाइट बिल ठेवून गेला. वर त्याच्या आईचा मला फोन, की त्याची गादी जपून ठेवा! मी शाकाहारी आहे का एवढं विचारते, कारण स्वयंपाकघर एक आहे. जात नाही विचारत. उगाच बदनामी नको.

खाडा

काकू, तुमच्याबद्दल नाही बोलत. माझ्याबद्दल बोलतो.

२०१३ चा जून. मी आणि आई येवल्याहून सकाळच्या एसटीने आलो. इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून आईने नवी साडी नेसली होती. दुपारपर्यंत तीन घरं बघितली. पहिल्या घरी "फक्त मुलींना". ठीक. दुसऱ्या घरी खोली दाखवली, खिडकी दाखवली, पंखा लावून दाखवला, भाडं ठरलं, मग विचारलं, "पूर्ण नाव काय तुझं?" सांगितलं. "म्हणजे येवल्यात नेमके कुठले?" तेही सांगितलं. मग त्यांना आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवलीये. तिसऱ्या घरी आईच बाहेर थांबली. म्हणाली, तू एकटा जाऊन ये, माझ्या गळ्यातलं बघतात. आईच्या गळ्यात निळ्या दोऱ्यातलं लॉकेट असतं.

चार दिवसांनी वर्गातल्या एका मित्राने मला त्याच्या खोलीवर नेलं. तीच खिडकी, तोच पंखा. पुतण्या नव्हता तो, लासलगावचा होता. आडनाव वेगळं, एवढंच. सेमिस्टरभर त्याच्या खोलीवर अभ्यासाला जायचो आणि घरमालक मला बघून "ये ये, चहा घे" म्हणायचे. ओळखलंच नाही त्यांनी.

ज्या गावात १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला, त्या गावात मला मंदिरात जायचं नव्हतंच. कॉट हवी होती.

पेठचं पाणी

अनुमोदन. आम्ही आदिवासी पोरं तर खोलीच्या फंदातच पडत नाही. सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मावशीकडे, नाहीतर मित्राच्या मित्राकडे जमिनीवर. यादी उशिरा लागते, कॉलेज लवकर सुरू होतं. आदिवासी विकास आयुक्तालय याच गावात आहे हा त्यातला विनोद.

तिवंध्याचा

हे सगळीकडेच आहे. पुण्यात नाही? मुंबईत सोसायट्या काय करतात? नाशकालाच का झोडता? एका घरमालकावरून अख्खं गाव?

खाडा

तीन घरांपैकी एक. टक्केवारी तुम्हीच काढा.

आणि "सगळीकडेच आहे" हे उत्तर नाही, तक्रार आहे. माझीच तक्रार तुम्ही मला परत ऐकवताय.

तिवंध्याचा

काढली टक्केवारी. तेरा वर्षांपूर्वीचं एक घर आणि एक लॉकेट. नवीन येणाऱ्या पोराला घाबरवून काय मिळतं तुम्हाला? सहानुभूती?

द्वारकेचा सिग्नल

भाऊ, आवरा. त्याच्या आईपर्यंत जाऊ नका. तुमच्या वाड्यात गेल्या दहा वर्षांत कोणकोण भाडेकरू होते, त्यांची आडनावं आठवून बघा आणि मग लिहा.

दोन खोल्या, स्वतंत्र जिना

@खाडा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मला एक सांगा, शाकाहारी का विचारलं तरी तुम्ही म्हणणार हा जातीचाच प्रश्न. मग आम्ही विचारायचं तरी काय? पोराचा आवडता रंग?

खाडा

"खोलीत मांसाहार शिजवायचा नाही" असं सांगा ना. तो नियम झाला, मी पाळेन. चार वर्षं पाळला. पण "तुम्ही शाकाहारी का?" हा नियम नाही, ती चाळणी आहे. विचारणाऱ्याला माहीत असतं, उत्तर देणाऱ्यालाही माहीत असतं.

दोन खोल्या, स्वतंत्र जिना

फार हुशार झालात शिकून. बरं, नाही विचारत आडनाव. आधार कार्ड मागते. पोलिस व्हेरिफिकेशनला लागतंच, त्यावर आडनाव छापलेलं असतं. मग?

खाडा

भाडं ठरून डिपॉझिट घेतल्यावर मागा.

दोन खोल्या, स्वतंत्र जिना

आणि माणूस गुंड निघाला तर डिपॉझिट परत करत बसू? … बरं. चावी देताना मागेन. झालं समाधान? पण गच्चीवर सहा जण झोपले तर आडनाव कुठलंही असो, बाहेर काढणार.

खाडा

त्यात सातवा मी असेन तर मलाही काढा.

निमाणी ते सातपूर

काय चाललंय! त्या मोर्शीच्या काकांना कोणी उत्तर दिलं का? मी मुलगी म्हणून पाच वर्षं राहिले, मी सांगते.

काका, कॉलेज आडगावकडे असेल तर गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर सगळं विसरा. पंचवटीत आडगाव नाका, निमाणीच्या आसपास बघा. तिथून सरळ हायवेने आडगाव, द्वारका लागतच नाही. नदीच्या अगदी काठाला तळमजला घेऊ नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला ते कुठपर्यंत आलं हे बघायला जातं. कमरेपर्यंत म्हणजे गंमत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला तेव्हा माझी मैत्रीण गॅस सिलिंडर घेऊन वरच्या मजल्यावर चढत होती. आणि काठाजवळची खोली घेतलीच, तर २०२७ च्या पर्वण्यांना ती तुमच्याकडेच राहणार का, हे करारात लिहून घ्या. मालकांचे पाहुणे तेव्हा अचानक वाढतात.

रात्रीचं विचारलंत. शहर नऊनंतर ढेपाळतं, धोका वाटावा असं नाही, पण रस्ता रिकामा होतो. रिक्षा मीटरने जात नाही हे गृहीत धरा. नाशिकरोडला उतरलात की शेअर रिक्षात बसायच्या आधी "सीबीएसचे किती" विचारा, बसल्यावर नाही. मागे तीन, पुढे चौथा. मुलीने पुढे बसायचं नाही, पुढची रिक्षा येतेच. एकदा रात्री साडेदहाला एकाने मला चारशे सांगितले. मी बॅग खाली ठेवून फुटपाथवर बसले आणि डबा उघडला. माझी पोळी संपेपर्यंत तो दीडशेवर आला होता.

मेस लावताना खाडा किती दिवसांचा धरतात ते विचारा. काही ठिकाणी सलग चार दिवस गेलात तरच पैसे कापतात, दोन दिवस गावाला गेलात तर बुडाले.

मोर्शीचा बाप

फार आभार ताई. आडगाव नाका लिहून घेतलं. ते आडनावाचं वाचून मात्र मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही सोबत येऊ नका, मीच बघते.

तिवंध्याचा

काका, मुलीला घेऊन आमच्याकडे या. वाडा जुना आहे, खोली लहान आहे, पण माझी आई आहे घरात. गावातून आडगावला जायला द्वारका लागते, ते मात्र माझ्या हातात नाही. आणि @खाडा, काल जास्त बोललो. आईचं नाव घ्यायला नको होतं. बाकीच्या मुद्द्यावर मी कायम आहे.

खाडा

बाकीचा मुद्दा कुठला ते एकदा सांगा. आणि आमच्या मोर्शीच्या ताईला खोली देताना काही विचारायचं राहू देऊ नका, नाहीतर काकू रागावतील.

दोन खोल्या, स्वतंत्र जिना

मला मध्ये घेऊ नका. आत्ताच एक जण खोली बघून गेला. नाव नाही विचारलं. इंडक्शन आहे का तेवढं विचारलं. आहे म्हणाला. नाही दिली.

रुळावर यायचंय

सगळं छान. पण अमरावतीहून त्या मुलीला नाशकात यायला थेट रेल्वे आहे आणि नाशकाहून पुण्याला जायला नाही, हे कोणाच्या लक्षात आलं का?

निफाडी गारठा

वाचनमात्र होतो, पण राहवत नाही. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सुटत नाही. मनमाडहून सुटते. आम्ही निफाडला चढतो, म्हणून तुम्हाला नाशिकरोडला जागा मिळत नाही.