येशूंनी स्वतःला देव म्हटलं होतं का?

वाटसरू

मागच्या वर्षी एका मित्राच्या वडिलांच्या दफनविधीला गेलो होतो. तिथल्या प्रार्थनेत येशूंचा उल्लेख 'खरा देव आणि खरा मनुष्य' असा झाला. ते शब्द मनातून जाईनात. म्हणून चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूंची चरित्रं, सलग वाचली, आणि एकदा नाही, तीनदा. माझं मत असं झालं आहे की येशूंनी स्वतःला देव म्हटलं नाही. त्यांना देव मानणं हे नंतरच्या पिढ्यांचं काम आहे. कुणाला दुखवायचं म्हणून हे लिहीत नाही. येशूंबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ते जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नये असं वाटतं.

चौघांत मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, साधारण इ.स. ७०च्या आसपासचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात एक माणूस येशूंपुढे गुडघे टेकून त्यांना 'उत्तम गुरुजी' म्हणतो. येशू लगेच त्याला अडवतात: मला उत्तम का म्हणतोस, देवावाचून कोणी उत्तम नाही (मार्क १०:१८). शेवटचा दिवस केव्हा येणार हे पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असंही ते सांगतात (१३:३२). आणि वधस्तंभावरची ती हाक, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' देव कुणाला हाक मारतो आहे मग?

'मी आणि पिता एक आहोत', 'अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे' ही वाक्यं फक्त योहानाच्या शुभवर्तमानात येतात, आणि ते बहुधा सर्वांत उशिराचं. एवढी मोठी गोष्ट येशू खरोखर बोलले असते तर मार्क ती गाळेल का? मग इ.स. ३२५मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसियाला धर्मसभा भरवली आणि तिथे मतदान होऊन येशू देव ठरले. मला हा सगळा प्रवास स्पष्ट दिसतो.

इतिहासवेडा

शेवटच्या दोन ओळी दुरुस्त कराव्या लागतील. नायसियात 'येशू देव की माणूस' यावर मतदान झालं ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती चूक आहे.

वाद होता अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस आणि त्याचा बिशप अलेक्झांडर यांच्यात. एरियसही येशूला नुसता माणूस मानत नव्हता. पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा, त्याच्याच द्वारे जग निर्माण झालं, हे त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र स्वतः निर्माण केला गेला, म्हणजे तो नव्हता असा एक 'केव्हा' होता. सभेनं उत्तर दिलं की पुत्र निर्मिलेला नाही, पित्याशी एकतत्त्व आहे. त्यासाठी 'होमोऊसिओस' हा ग्रीक शब्द वापरला, जो बायबलमध्ये कुठेही नाही, आणि हे त्या काळच्या अनेक बिशपांनाही खुपत होतं. सभेत शेवटपर्यंत एरियसच्या बाजूनं उभे राहिले ते लिबियाचे दोन बिशप.

'सम्राटानं लादलं' हेही तितकं सरळ नाही. एरियसला हद्दपार कॉन्स्टंटाइननंच केलं, पण पुढे परतही त्यानंच बोलावलं. ३३७मध्ये मरणशय्येवर त्यानं बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियसकडून, जो एरियसचा पाठीराखा होता. पुढे कॉन्स्टंटाइनच्या मुलानं, कॉन्स्टँशियसनं, तर एरियसच्या बाजूलाच झुकतं माप दिलं. नायसियाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. वाद मिटायला ३८१ची कॉन्स्टँटिनोपलची सभा उजाडावी लागली. राजाच्या हुकमानं ठरलं असतं तर ही छप्पन्न वर्षं लागली नसती.

आणि नायसियाच्या दोनशे वर्षं आधीचा एक परका साक्षीदार आहे. बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी इ.स. ११२च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून, ख्रिस्त जणू देवच आहे अशा रीतीनं त्याला उद्देशून स्तोत्र म्हणतात. प्लिनीला त्यांच्याबद्दल काडीची आपुलकी नव्हती. चौकशीत जे हाती लागलं ते त्यानं लिहिलं.

दीपस्तंभ

मी ख्रिस्ती आहे, श्रद्धेनं आणि विचारांनीही. वाटसरू, तुम्ही तीनदा वाचलंत याचा आनंद वाटला. आमच्यातलेही कितीतरी जण सलग एकदाही वाचत नाहीत. पण तुमची मांडणी एका गृहीतकावर उभी आहे: देवत्वाचा दावा म्हणजे 'मी देव आहे' असं वाक्य. त्या काळच्या यहुदी माणसापुढे असं वाक्य उच्चारलं असतं तर त्याचा अर्थ 'मीच तो पिता आहे' असा झाला असता, आणि ते तर आम्हीही मानत नाही. येशूनं ते कृतीतून सांगितलं.

मार्कच घेऊ या. दुसऱ्याच अध्यायात तो पक्षाघात झालेल्या माणसाला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार, मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न अगदी बरोबर होता. माझा अपराध शेजाऱ्याकडून झाला तर क्षमा मी करायची, तिसऱ्यानं नाही. येशू तिसरा असून क्षमा करतो, म्हणजे तो स्वतःला प्रत्येक अपराधात दुखावलेला पक्ष समजतो. चौदाव्या अध्यायात यहुद्यांचा महायाजक 'तू ख्रिस्त आहेस का' असं सरळ विचारतो आणि येशू सांगतो की मनुष्याचा पुत्र (हे नाव तो स्वतःसाठी वापरतो) सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला आणि मेघांसह येताना तुम्ही पाहाल. महायाजक वस्त्रं फाडतो. त्यानं जे ऐकलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही असं कसं?

आता काळाचा मुद्दा. तुम्ही मार्कपासून सुरुवात केलीत, पण प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेली, बायबलमधलीच पत्रं त्याच्याही आधीची. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण ५५ सालचं. त्याच्या शेवटी पौल ग्रीक लिहिता लिहिता मधेच अरामी शब्द घालतो: 'मारानाथा', आमच्या प्रभू, ये. ग्रीक बोलणाऱ्या करिंथमध्ये अरामी प्रार्थना आली कुठून? येशूची भाषा बोलणाऱ्या पहिल्या शिष्यांकडून. मेलेल्या गुरूला कुणी 'ये' म्हणून आळवत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकला जाईल असं आहे, आणि हे शब्द जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायातून घेतलेले आहेत, जिथे परमेश्वर स्वतःबद्दल ते बोलतो. वधस्तंभानंतर तीस-पस्तीस वर्षांच्या आतली ही गोष्ट. नंतरच्या पिढ्या कुठे आल्या यात?

नूर

मी मुसलमान आहे. आमच्याबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की आम्ही हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना मानत नाही. त्यांना मानल्याशिवाय आमचा ईमानच पुरा होत नाही. त्यांचा जन्म पित्याविना झाला, ते मसीह आहेत, अल्लाहच्या हुकमानं त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, मेलेल्यांना उठवलं, हे सगळं कुराणात आहे. त्यांच्या आईच्या नावानं कुराणात अख्खी एक सूरह, म्हणजे अध्याय, आहे, मरयम. त्याच सूरहमध्ये पाळण्यातलं ते बाळ बोलतं, आणि त्याचे पहिले शब्द असे की मी अल्लाहचा दास आहे (१९:३०). चौथ्या सूरहमध्ये (४:१७१) त्यांना अल्लाहचा 'कलिमा', म्हणजे शब्द, म्हटलं आहे, आणि त्याच आयतीत 'तीन म्हणू नका' असं बजावलं आहे.

दीपस्तंभजी, क्षमेबद्दल तुम्ही लिहिलंत ते विचार करायला लावणारं आहे. पण अधिकार दिला जाऊ शकतो. मत्तयच्या शुभवर्तमानात तोच प्रसंग संपतो तेव्हा लोक देवाचं गौरव करतात, कारण त्यानं माणसांना असा अधिकार दिला (९:८). दिलेला अधिकार हे दूताचं लक्षण आहे. आमच्या दृष्टीनं ईसांचा मोठेपणा त्यांच्या दास असण्यातच आहे. त्यांना देव म्हटल्यानं त्यांचा मान वाढत नाही, अल्लाहच्या एकत्वाला मात्र धक्का लागतो. आमच्यासाठी याहून मोठी गोष्ट कुठलीच नाही.

समन्वय

इतकं सगळं वाचून वाटलं, हा वाद उगाच ताणला जातोय. आपण याला अवतार म्हणतो. देव वेळोवेळी रूप घेतो, तसंच येशूचं रूप घेतलं. कुणी अवतार म्हणा, कुणी पुत्र, कुणी प्रेषित. नावं वेगळी, सत्य एकच.

दीपस्तंभ

समन्वय, तुमचा हेतू चांगला आहे, पण या उत्तरानं मी आणि नूर दोघेही घराबाहेर राहतो. ते म्हणतात देव देह धारण करत नाही, कधीच नाही. मी म्हणतो त्यानं केला, एकदाच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

'अवतार' हा शब्द मराठी ख्रिस्ती लेखनातही कधीकधी येतो, पण तो पुरत नाही. अवतार पुन्हा पुन्हा होतात, गीतेतलं 'संभवामि युगे युगे' तेच सांगतं, आणि कार्य संपलं की तो देह मागे राहतो. आमचा विश्वास असा की देवाचा शब्द, म्हणजे पुत्र, देही झाला तो कायमचा. भूक, झोप, अश्रू, मृत्यू यांतलं काहीही सोंग नव्हतं. पहिल्याच शतकांत काही जण म्हणू लागले की देव दुःख कसं सोसेल, तो देह नुसता आभास होता. मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ते मत तितक्याच ठामपणे नाकारलं. म्हणजे एरियसला उत्तर देण्याच्या कितीतरी आधी आम्ही येशूचं मनुष्यपण राखण्यासाठी भांडलो आहोत. ४५१च्या कॅल्सिडनच्या सभेनं तेच नेमक्या शब्दांत मांडलं: एक व्यक्ती, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही.

म्हणून वाटसरूंनी दिलेली वचनं मला अडचणीची वाटत नाहीत. पुत्राला तो दिवस ठाऊक नाही, कारण तो खरंच माणूस झाला. वधस्तंभावरची हाक ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरणारा यहुदी माणूस आपल्या पूर्वजांची प्रार्थना म्हणतो आहे.

इतिहासवेडा

कॅल्सिडन सर्वांनी मानलं नाही, हे जोडतो. इजिप्तची कॉप्टिक, आर्मेनियाची, सिरियाची आणि इथिओपियाची प्राचीन मंडळी त्यावरून वेगळी झाली ती आजतागायत. येशूचं देवत्व त्यांना पूर्ण मान्य आहे. 'दोन स्वभाव' ही भाषा मान्य नाही. यहोवाचे साक्षीदार दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांच्या मते पुत्र हा देवानं सर्वांत आधी निर्माण केलेला, म्हणजे एरियसच्या बराच जवळचा विचार.

आणि या प्रश्नापायी माणसं मारली गेली आहेत. मायकेल सर्व्हीटस या वैद्यानं त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, नाकारलं म्हणून १५५३मध्ये जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. आपण इथे निर्धास्त बसून बोलतो आहोत, ही सोय त्याच्या वाट्याला आली नाही.

आपल्या देशातही हा वाद झाला आहे. राममोहन रॉय यांनी १८२०मध्ये येशूची नैतिक शिकवण तेवढी निवडून प्रसिद्ध केली, चमत्कार आणि देवत्वाचा भाग वगळून. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन या मिशनऱ्यानं त्यावर कडाडून टीका केली. त्या सुमारास विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहनांबरोबर काम करता करता स्वतःच त्रैक्य न मानणारा एकेश्वरवादी (युनिटेरियन) झाला.

वाटसरू

नायसियाबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं. ऐकीव गोष्ट होती, पडताळून पाहायला हवी होती. 'मारानाथा'चा मुद्दा मला माहीतच नव्हता, आणि त्यानं मला हलवलं हे कबूल करतो. येशूंची आराधना फार लवकर सुरू झाली, हे आता मान्य.

पण माझा मूळ प्रश्न आराधनेचा नव्हता. वधस्तंभानंतर काही आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, येशूंचा शिष्य पेत्र म्हणतो की ज्या येशूला तुम्ही वधस्तंभावर दिलंत त्याला देवानं प्रभू आणि ख्रिस्त *केलं* (प्रेषितांची कृत्यं २:३६). फिलिप्पैकरांस पत्रातही 'म्हणून देवानं त्याला अत्युच्च केलं' असं आहे. केलं, दिलं, उंचावलं. जो आधीच देव आहे त्याला कोण उंचावणार? मला यात एका अलौकिक माणसाला देवानं दिलेला सन्मान दिसतो, आणि शिष्यांच्या प्रेमात तो सन्मान हळूहळू वर सरकत गेला. नूर यांनी दाखवलेलं मत्तयचं वचन मला त्याच दिशेला नेतं.

समन्वय यांना एवढंच सांगेन की मलाही आधी तसंच वाटायचं. पण त्या दफनविधीत मित्राची आई ज्याच्या नावानं रडत होती तो तिच्यासाठी 'अनेक रूपांतलं एक रूप' नव्हता. तिला काय वाटतं ते नीट समजून घ्यायचं तर फरक पुसून चालत नाही.

आणखी एक. दीपस्तंभ सगळीकडे 'येशू म्हणाला' लिहितात आणि मी 'येशू म्हणाले'. आधी वाटलं, ते आदर कमी ठेवतात की काय. मग लक्षात आलं, मराठीत देवाला आपण एकेरीच हाक मारतो. अहो-जाहो करून मी नकळत माझं मत सांगून टाकलं होतं.

नूर

वाटसरू, मार्कचा बारावा अध्याय पुन्हा पाहा. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं एक शास्त्री विचारतो, आणि ईसा उत्तर देतात: हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे (१२:२९). शास्त्री म्हणतो, खरं बोललात, तो एकच आहे, त्याच्याशिवाय दुसरा नाही. ईसा त्याला शाबासकी देतात. मी यात एक अक्षरही बदलणार नाही.

दीपस्तंभ

मीही बदलणार नाही, नूर. तो एकच आहे. फक्त तिथे थांबू नका, पुढच्या पाच-सहा ओळी वाचा. त्याच अध्यायात, लगेच, येशू स्वतः मंदिरात विचारतो: ख्रिस्त दावीदाचा पुत्र आहे असं शास्त्री कसं म्हणतात? दावीद तर त्याला 'माझा प्रभू' म्हणतो. पुत्राला पिता प्रभू कसा म्हणेल? (१२:३५–३७) हा प्रश्न त्यानं एकत्वाची आज्ञा सांगितल्यानंतर विचारला, आणि उत्तर न देता सोडून दिला.

वाटसरू

तीनदा वाचूनही हे दोन प्रसंग मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. आज रात्री बारावा अध्याय पुन्हा उघडतो.