लोअर आर्मचे बुश गेलेत का ते ओळखायचं कसं? मदत हवी आहे

मंडळी, लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा लोखंडी दांडा आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढून डाव्या बाजूने टक्क असा आवाज येतो, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढतं आणि त्याच बाजूचा पुढचा टायर आतल्या कडेने जास्त घासलाय. चाकणचे खड्डे रोजचेच, त्यामुळे काहीतरी जाणारच होतं म्हणा. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही लोअर आर्म पूर्ण बदला, अलाइनमेंटवाला म्हणतो नुसते बुश प्रेसवर दाबून बसतील, आता ऐकायचं कुणाचं? टॉर्च मारून बघितलं तर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशच्या रबराला बारीक भेगा दिसतात, पण रबर लोखंडापासून सुटलेलं नाही, मग नुसत्या भेगांवर बदलायचे का? जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं तर प्ले (ढिलेपणा) नाहीये, म्हणजे बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारा गोळीचा सांधा) ठीक धरू ना? टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवून बघा म्हणतात पण रबर आहे म्हटल्यावर थोडं हलणारच, किती हललं की गेलं समजायचं? आणि लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला सस्पेंशनशी जोडणारी छोटी दांडी) गेला तरी असाच आवाज येतो ना, तो आधी काढून बघू का? बदललेच तर बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना फायनल टाइट करायचे असतात, नाहीतर नवीन रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, आमच्याकडे लिफ्टवरच आवळून मोकळे होतात. कुणी नुसते बुश बदललेत का, किती टिकले?