ताटलीत जोमाने वाढणारी बुरशी कडुनिंबावर सौम्य का ठरते?

निंबछाया (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या वाड्याच्या अंगणातील जुन्या कडुनिंबाचे शेंडे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वरून खाली वाळत आले. कुंपणापलीकडचा कडुनिंब मात्र दिवाळीपर्यंत हिरवागार होता. वाळका आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथल्या काड्या कापून, त्यांचे निर्जंतुकीकरण करून मी प्रयोगशाळेच्या काचताटलीत, बटाटा-शर्करा माध्यमावर (बुरशी वाढवण्याच्या खाद्यावर) बुरशीची चार संवर्धने मिळवली. दिसण्यावरून चारही फोमॉप्सिस या बुरशीची वाटतात. त्यांपैकी ‘क’ने पाच दिवसांत ताटली भरून टाकली. ‘ग’ला नऊ दिवस लागले, परंतु पुढे तिच्यावर काळ्या ठिपक्यांची दाटी झाली आणि प्रत्येक ठिपक्यातून सायीच्या रंगाचा चिकट थेंब बाहेर आला. रोपांच्या खोडाला बारीक चीर देऊन दोन्ही टोचल्या, तेव्हा ‘ग’चा डाग लांबवर पसरला आणि ‘क’चा जागच्या जागी थांबला. प्रबंधिकेत ‘अधिक सक्षम’ कोणती म्हणून लिहावे, हे मला ठरवता येत नाही.

पारंबी (वडोदरा)

तुमचे निरीक्षण चांगले आहे. अडचण ‘सक्षम’ या शब्दात आहे. उत्क्रांतीच्या भाषेत सक्षमता म्हणजे पुढच्या पिढीत किती वंशज उरले, एवढेच. ताटलीतील वाढ हा त्या हिशेबातील एक लहानसा भाग आहे, कारण तिथे अन्न आयते मिळते, झाडाचा प्रतिकार नसतो आणि इतर सूक्ष्मजीवांची स्पर्धाही नसते. बाहेर मात्र बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) रुजणे, सालीत शिरणे, झाडाच्या बचावाला पुरून उरणे, पुन्हा बीजाणू तयार करणे आणि मे महिन्याच्या उन्हात वाळक्या काडीत तग धरणे, या सगळ्यांचा गुणाकार होतो. एक आकडा शून्याजवळ गेला की बाकीचे कितीही मोठे असले तरी उपयोग होत नाही.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण चेस्टनट या झाडाच्या करपा रोगाचे आहे. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका ही बुरशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 1904 मध्ये प्रथम लक्षात आली आणि तिने अमेरिकेतील अब्जावधी चेस्टनट संपवले. युरोपात ती 1938 मध्ये इटलीत जिनोव्हाजवळ आढळली. पण तिथे 1950 नंतर काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येताना दिसू लागल्या. या बुरशीलाच एका विषाणूने ग्रासले होते. विषाणूग्रस्त बुरशीचा रंग फिकट पडतो, बीजाणू घटतात आणि झाडावरील मारा बोथट होतो. आता यातली खोच पाहा. या विषाणूचा एक फ्रेंच उपप्रकार बुरशीला फार दुबळे करतो. विषाणू बुरशीच्या अलैंगिक बीजाणूंतूनच दूरवर जात असल्यामुळे, बीजाणू घटवून तो स्वतःचीही वाट अडवतो. इटालियन उपप्रकार सौम्य आहे; तो बीजाणू बऱ्यापैकी होऊ देतो आणि युरोपात जास्त पसरलेला आढळतो. म्हणजे ‘जास्त बाधक’ आणि ‘जास्त यशस्वी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हीही त्या वेगळ्याच मोजायला हव्यात.

शिवाय हा विषाणू एका बुरशीतून दुसरीत जातो तो दोघींचे तंतू जुळले तरच. सहा जनुकस्थानांच्या जोडण्यांतून 64 सुसंगती-गट (ज्यांचे तंतू आपसांत जुळतात असे गट) होतात. युरोपात बहुतेक ठिकाणी मोजकेच गट आहेत, म्हणून तिथे विषाणूला वाट मिळाली; अमेरिकेत गटांची विविधता अधिक असल्याने विषाणूकरवी रोग आवरण्याचा उपाय तसा लागू पडला नाही.

सूक्ष्मदर्शी

दोन सूचना करतो. फोमॉप्सिसमध्ये दोन प्रकारचे बीजाणू होतात. लंबगोल अल्फा रुजतात, तर दोऱ्यासारखे बीटा सहसा रुजत नाहीत. तुमच्या ‘ग’च्या थेंबात दोन्ही असू शकतात. म्हणून नुसती एकूण संख्या देऊ नका. अल्फा वेगळे मोजा आणि त्यांतील किती रुजले तेही लिहा. दुसरे असे की, याच कुळातील बुरशा निरोगी कडुनिंबाच्या पानाफांद्यांतही काही त्रास न देता राहतात. ‘क’ अशीच निरुपद्रवी रहिवासी निघाली, तर तुम्ही एकाच जातीतील फरक मोजत नसून दोन निराळ्या जातींची तुलना करत असाल. डीएनएवरून ओळख पटवल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि टोचलेल्या रोपातून तीच बुरशी परत मिळवूनही दाखवावी.

निंबछाया

दोघांचेही मनापासून आभार. अल्फा-बीटाचा भेद माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी सगळे एकत्र मोजले होते. एक विचारायचे राहिले: ‘क’ मी आतापर्यंत सात वेळा नव्या माध्यमावर उतरवली आहे, ‘ग’ फक्त दोनदा. याने फरक पडेल का?

पारंबी

निश्चित पडेल, आणि हे आपण आधीच सांगायला हवे होते. माध्यमावर वारंवार उतरवलेल्या बुरशीची बीजाणू तयार करण्याची आणि रोग पाडण्याची ताकद अनेकदा ओसरते. ती ताटलीलाच सरावते. चारही संवर्धने एकदा रोपावर टोचून परत मिळवा, तिथून सगळ्यांची नव्या माध्यमावर उतरवण्याची गणती समान ठेवा आणि मूळ नमुने परीक्षानळीतील तिरक्या माध्यमावर शीतकपाटात राखून ठेवा. रोपेही एकाच झाडाच्या निंबोळ्यांपासून वाढवा, कारण वेगवेगळ्या झाडांच्या रोपांत आनुवंशिक फरक अधिक असतो आणि तो तुमच्या आकड्यांत बुरशीचा फरक म्हणून मिसळेल. तुलनेसाठी काही रोपांना नुसती चीर देऊन कोरे माध्यम लावायला विसरू नका. निंबोळीचे बी लवकर निकामी होते, तेव्हा जूनमध्ये पडलेल्या ताज्या निंबोळ्या गोळा करून लगेच पेरा. मात्र कडुनिंबाचे शेंडे वाळवणारा हा रोग बियांतूनही पसरतो, म्हणून त्या कुंपणापलीकडच्या हिरव्या झाडाखालच्याच घ्या आणि त्यांतील काही बी आधी माध्यमावर ठेवून तपासा.