ओबद्यातलं 'सफारद' म्हणजे नक्की कुठलं गाव?

रविवारची_मामी
आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पाच-सहा जण जमून बायबल वाचतो, यावेळी ओबद्या घेतलं कारण एका बैठकीत संपतं, सगळी मिळून 21 वचनं, जुन्या करारातलं सगळ्यात छोटं पुस्तक. पण 20व्या वचनाला गाडी अडकली. यरुशलेमचे जे बंदिवान सफारदात आहेत ते नेगेबातली, म्हणजे इस्राएलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी भागातली, नगरं ताब्यात घेतील असा अर्थ आहे. आता हे सफारद कुठलं? पुढेमागे शोधलं, बायबलमध्ये दुसरीकडे कुठेच नाव नाही. भाचा ॲपवर हिब्रू शिकतोय, तो म्हणाला मामी सोप्पं आहे, सफारद म्हणजे स्पेन, आजही हिब्रूत स्पेनला तेच म्हणतात. अरे पण त्या काळी यरुशलेमच्या कैद्यांना स्पेनला नेऊन सोडणार कोण? बाबेलचा राजा काय तिथवर पोचला होता? कुणाला माहिती असेल तर सांगा, पुढच्या रविवारी मला उत्तर द्यायचंय.

रिकामटेकडा७७
स्पेनच. सफार्दी ज्यू ऐकलं नाही का कधी, 1492 ला स्पेनमधून हाकललेले ते. विषय संपला.

शिलालेखवेडी
विषय कसला संपतोय, उलटं झालंय तुमचं. स्पेनच्या ज्यूंना सफार्दी म्हणतात ते या वचनावरून, वचन त्यांच्यावरून नाही.

मामी, तुमची शंका बरोबर आहे. जुन्या भाषांतरकारांनाही हे नाव कळलेलं नव्हतं, प्रत्येकाने आपापला अंदाज ठोकलाय. ग्रीकवाल्यांनी चक्क एफ्राथा केलं. अरामी आणि सिरियाक भाषांतरांत स्पेन आलं, तेच पुढे ज्यू परंपरेत रुजलं. आणि लॅटिनवाल्या जेरोमची तर गंमतच, त्याने बॉस्पोरस लिहिलं. हिब्रूत 'मध्ये' या अर्थाचा 'ब' शब्दाच्या पुढे चिकटतो, स्वर लिहीत नाहीत, प आणि फ ला अक्षर एकच, त्यामुळे ब-स-प-र-द असं दिसतं आणि तो 'ब' नावातच धरला गेला. म्हणजे कुणी 'साताऱ्यात' वाचून गावाचं नावच साताऱ्यात समजावं तसं.

खरा धागा मिळाला 1912 मध्ये, तुर्कस्तानात इझमीरच्या पूर्वेला सार्दिस म्हणून जुनं शहर आहे तिथे. लिडिया देशाची राजधानी ही, तो गडगंज श्रीमंत क्रोइसस राजा इथलाच, नंतर कोरेशाने म्हणजे इराणच्या सायरसने जिंकली. तिथल्या थडग्यांच्या भागात अमेरिकन लोकांना खोदताना एक दगड मिळाला, एकच मजकूर दोन भाषांत, लिडियन आणि अरामी. मानेस नावाच्या माणसाच्या थडग्याचा आहे, इराणच्या अर्तहशश्त राजाच्या 10व्या वर्षाचा, आणि जो कोणी याची मोडतोड करील त्याच्या घरादाराचा आर्तेमिस देवी सत्यानाश करो अशी शिवी, आपल्याकडच्या जुन्या गधेगाळ दगडांवर गाढव कोरून शिवी असते ना तशीच, फक्त गाढव नाही 😄 तर त्या अरामी मजकुरात शहराचं नाव काय? स-प-र-द. ओबद्यात आहेत तीच चार अक्षरं, आणि पुढे तोच चिकटलेला 'ब' सुद्धा! इराणी राजांच्या लेखांत त्या प्रांताला स्पर्दा म्हणतात तेही याच्याशी जुळतं.

काही जण मेदी लोकांच्या मुलखातलं सपर्दा सांगतात, अश्शूरच्या (असिरियाच्या) लेखांत ते येतं. पण अश्शूरवाल्यांनी तिकडे नेले ते उत्तरेच्या इस्राएल राज्यातले लोक, ओबद्या तर यरुशलेमचे म्हणतोय. माझं मत सार्दिसला.

रविवारची_मामी
वा, भारीच. पण यरुशलेमचे लोक तुर्कस्तानात तरी कसे पोचले?

शिलालेखवेडी
योएल 3:6 उघडा. सोर आणि सीदोन या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या शहरांतल्या लोकांनी यहूदाची माणसं ग्रीकांना विकली म्हणून देव त्यांना झापतोय. म्हणजे गुलाम म्हणून त्या बाजूला माणसं जात होतीच. आणि पुढच्या काळात सार्दिसला ज्यू वस्ती चांगली मोठी होती, 1962 ला तिथे सापडलेलं सभास्थान प्राचीन काळातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे.

दिमोनाकर
शालोम, नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आईवडील रायगडचे, मी इथे इस्राएलातच जन्मलो, मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. हा धागा बघून हसायला आलं कारण आम्ही राहतो ते दिमोना नेगेबातच आहे, आणि आमची प्रार्थनेची पद्धत सफार्दी. म्हणजे यरुशलेमचे नाही, स्पेनचे तर नाहीच नाही, अलिबागकडचे शनिवार तेली (आम्हाला तिकडे असंच म्हणायचे) येऊन नेगेबातल्या नगरात बसले, ओबद्याने हे काही धरलं नसणार.

त्याच वचनातलं सारफथ पण बघा. आज हिब्रूत त्सारफात म्हणजे फ्रान्स, पण मूळ गाव लेबनॉनच्या किनाऱ्यावर, सोर आणि सीदोनच्या मध्ये. एलियाहू हन्नाबी, म्हणजे तुमचा एलीया संदेष्टा, दुष्काळात तिथे विधवेच्या घरी राहिला आणि तिचं पीठ नि तेल सरलं नाही. आम्हाला हे लहानपणापासून पाठ कारण मालिदा त्याच्याच नावाने. आजी भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओलं खोबरं कालवायची, ताटात बाजूने फळं लावायची आणि प्रार्थना होईस्तोवर आम्हा पोरांना ताटाला हात लावू द्यायची नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमची लोकं मानतात.

रविवारची_मामी
दिमोनाकर दादा, मराठी तुमचं आमच्या भाच्यापेक्षा बरं आहे! रविवारी मालिदाच करते आता.

रिकामटेकडा७७
बरं बाबा, स्पेन मागे घेतो. पण मग आष्कनाज तरी जर्मनी आहे ना? आष्कनाझी ज्यू म्हणतात ते?

शिलालेखवेडी
यिर्मया 51:27 वाच. तिथे आष्कनाजचं नाव अरारातच्या जोडीला आहे, म्हणजे पूर्व तुर्कस्तानाकडे. अरारातच्या शेजारी बसलाय तुझा जर्मनी.